जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरपेटीतील तेल : बदलावे की राहू द्यावे?



रोहिणी लागल्या, राब भाजून झाले, धूळवाफेची पेरणी आटोपली, की आपल्या कर्जत-खालापूर भागात एकच लगबग सुरू होते. नांगर-कुळव काढायचे, बांध-मोऱ्या बघायच्या, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर आहे त्यांनी तो पावसाआधी एकदा मिस्त्रीला दाखवायचा. मिस्त्री इंजिनचे तेल बदलतो, फिल्टर बदलतो, ग्रीस भरतो. मग मागच्या मोठ्या पेटीवर हात ठेवून विचारतो, "याचं ऑईल कधी बदललंय?" आपण डोकं खाजवतो. ट्रॅक्टर घाटावरून जुना घेतलेला. आधीच्या मालकाने कधी बदलले देव जाणे. मीटर तर केव्हाच बंद पडलेला.

इथून दोन मते सुरू होतात. एक म्हणतो, "बदलून टाका, तेल म्हणजे यंत्राचं रक्त." दुसरा म्हणतो, "खबरदार! जुन्या यंत्राचं जुनं तेल काढू नका. नवीन तेल घातलं की गिअर जातात, असं मी डोळ्यांनी पाहिलंय." आता यातले खरे काय? तेच आज आपण समजून घेणार आहोत.

आधी माझी एक चूक सांगतो. खालापूर बाजूच्या एका शेतकरीदादांनी काही वर्षांपूर्वी भाताची कापणी चालू असताना मला सांगितले, की पेटीतले तेल जरा पांढरट दिसते आहे. ट्रॅक्टर व्यवस्थित चालत होता, लिफ्ट उचलत होती, आवाज नव्हता. मी बोलून गेलो, "चालतंय ना? मग कशाला हात लावता?" पुढच्या जुलैत, ऐन चिखलणीत, पेटीतले एक बेअरिंग फुटले. त्याचे तुकडे दातांत गेले. ट्रॅक्टर खाचरातून बैलांनी ओढून काढावा लागला. स्वतःची लावणी तर लांबलीच, पण आठ घरांची चिखलणी अंगावर घेतली होती, त्यांचे राब पिवळे पडले. पैसे गेले ते गेले, पण शेजाऱ्याला दिलेला शब्द गेला, ते दादांच्या मनाला फार लागले. त्या दिवसापासून "चालतंय ना" हा शब्द मी टाकून दिला.

पेटीतले तेल करते तरी काय?

इंजिनचे तेल आणि गिअरपेटीचे तेल यांत मोठा फरक आहे. इंजिनमध्ये जळण जळते, काजळी होते, तेल लवकर काळे पडते, म्हणून ते वारंवार बदलावे लागते. गिअरपेटीत काही जळत नाही. तेथे दातावर दात घासतो. त्या दोन दातांच्या मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा राहिला पाहिजे, म्हणजे लोखंडाला लोखंड भिडत नाही. तेल उष्णताही वाहून नेते आणि लोखंडाला गंज चढू देत नाही.

बऱ्याच ट्रॅक्टरांत आणखी एक गोष्ट असते. गिअरपेटी, मागचा आस आणि हायड्रॉलिक लिफ्ट या तिघांना एकच तेल पुरते. म्हणजे जे तेल दात भिजवते तेच तेल पंपातून दाबाने जाऊन नांगर उचलते. काही ट्रॅक्टरांचे ब्रेकसुद्धा याच तेलात बुडालेले असतात. एका तेलावर एवढी कामे असल्यामुळे ते बिघडले की घोटाळाही चहूकडे होतो. आणि हे तेल थोडेथोडके नसते. कित्येक ट्रॅक्टरांत ते २० लिटरांच्या वर, काहींत ४० लिटरांच्याही पुढे जाते. म्हणूनच शेतकरी बदलायला कचरतो, आणि त्यात चूक काही नाही. एवढे पैसे विचार करूनच घालावेत.

तास मोजू नका, पाणी बघा

ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकात पेटीचे तेल किती तासांनी बदलावे ते दिलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांना ते साधारण १००० तासांच्या आसपास असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा पुस्तकात पाहावा.

आता हिशेब करू. घाटावर ट्रॅक्टर ऊस, गहू, वाहतूक अशा कामांत वर्षभर राबतो. आपल्याकडे खाचरे लहान, बांध फार. समजा, आपला ट्रॅक्टर वर्षाला २५० तास चालला. तर १००० तास भरायला ४ वर्षे लागली. शेतकरी म्हणतो, "चार वर्षे बघायला नको." इथेच फसगत होते. घाटावरच्या कोरड्या रानातले १००० तास आणि आपल्या चिखलातले १००० तास सारखे नव्हेत.

चिखलणीत काय होते ते पाहा. ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून जोरात काम करतो, मागची पेटी चांगली गरम होते. गरम झाली की आतली हवा फुगते आणि वरच्या श्वासनळीतून, म्हणजे ब्रीदरमधून, बाहेर जाते. मग आपण जेवायला थांबतो आणि ट्रॅक्टर तसाच पाण्यात उभा करतो. वर पाऊस, खाली गार पाणी. पेटी निवते, आतली हवा आकसते, आणि पेटी बाहेरून श्वास आत ओढते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असला, की ती आसाच्या ऑईल-सीलकडून ओढते. तेथे पाणीच असते. रोज घोट-घोट असे करत महिन्याभरात पेटीत बरेच पाणी जमते. गरम ट्रॅक्टर थेट ओढ्यात किंवा नदीत घालून धुतला तरी हेच होते.

पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढरट दिसते. त्याचा पापुद्रा टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे लावणी संपली की ट्रॅक्टर मळणीपर्यंत उभा राहतो. त्या दोन-तीन महिन्यांत पाणी बेअरिंगवर बसून गंजाचे बारीक खड्डे पाडते. तेव्हा आवाज येत नाही. पुढच्या हंगामात भार आला, की त्या खड्ड्यांपासून बेअरिंग फुटते. आमच्या दादांचे नेमके हेच झाले होते.

पॉवर टिलरची पेटी तर जमिनीला लागूनच असते, ती अर्धी चिखलात बुडते. साठच्या दशकात खोपोलीला भारत-जपान सहकार्याने शेतीचे प्रात्यक्षिक केंद्र चालले होते. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ साली ते रायगड झाले. चिखलातल्या भातशेतीच्या जपानी रीती आपल्याकडच्या जुन्या माणसांनी त्या काळापासून पाहिल्या. पण चिखलासाठी केलेले यंत्र असले तरी त्याचे सील रबराचेच असते, आणि रबर झिजतेच.

राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणाऱ्या कर्जतच्या शेतकऱ्यांनी तर दुप्पट लक्ष द्यावे. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर त्यांना दुसरे पीक मिळते, पण यंत्राला वर्षातून दोनदा चिखलात उतरावे लागते.

तेल कसे तपासावे?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घरच्या घरी पाच गोष्टी पाहता येतात.

पहिली गोष्ट, पातळी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, लिफ्ट खाली सोडावी, इंजिन बंद करून तेल खाली बसू द्यावे. मग पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. पातळी कमी असेल तर तेल कुठून तरी गळते आहे. काहीही न घालता पातळी वाढलेली दिसली, तर खूश होऊ नका. ते पाणी आहे.

दुसरी गोष्ट, रंग. काही तेले नवीन असतानाच गडद असतात, तेव्हा नुसत्या काळेपणाने घाबरू नये. त्याच जातीचे थोडे नवीन तेल दुकानातून काचेच्या बाटलीत आणून शेजारी धरून पाहावे. पांढरट, दुधी छटा मात्र कोणत्याही तेलात वाईटच.

तिसरी गोष्ट, पळीची परीक्षा. लोखंडी पळी चांगली तापवावी, चुलीवरून खाली घ्यावी, आणि तोंड लांब ठेवून तीत तेलाचा एकच थेंब टाकावा. तडतडला तर पाणी आहे. नुसता धूर निघाला तर पाणी नाही. थेंब एकच, आणि विस्तवापासून दूर, हे विसरू नका. पोराबाळांना जवळ येऊ देऊ नये.

चौथी गोष्ट, वास. करपल्यासारखा उग्र वास येत असेल तर पेटी कधीतरी फार तापलेली आहे.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, चुरा. तेल सोडायच्या खालच्या बुचाला बहुधा चुंबक असते. त्यावर राखाडी, मऊ, काजळासारखा लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाकावी. पण हाताला टोचतील असे कण, चकत्या, दाताचा तुकडा मिळाला तर धोक्याची सूचना समजावी. तेलात पिवळे, पितळेसारखे चमकणारे कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटत नसले, तर आतली बुश किंवा पितळी रिंग झिजते आहे.

याच्या जोडीला कान द्यावेत. एकाच गिअरमध्ये आवाज येतो का? गिअर आपोआप सुटतो का? न्यूट्रलमध्ये घरघर होते आणि क्लच दाबला की थांबते का? लिफ्ट पूर्वीपेक्षा सावकाश उचलते का, किंवा उचलताना थरथरते का? हे सारे वहीत लिहून ठेवावे आणि मिस्त्रीला सांगावे.

आता निर्णय कसा घ्यावा?

इतके पाहिल्यावर आपला ट्रॅक्टर चारपैकी एका घरात बसेल.

पहिले घर : तेल स्वच्छ, पातळी बरोबर, केव्हा बदलले ते माहीत आणि तास भरलेले नाहीत. अशा वेळी राहू द्या. कोणी आग्रह केला तरी पैसे घालू नका. दर पन्नासेक तासांनी पातळी पाहत जा, पुरे.

दुसरे घर : तेल जुने, काळे, केव्हा बदलले माहीत नाही, पण पाणी नाही, चुरा नाही, आवाज नाही. जुना ट्रॅक्टर घेणारे बहुतेक लोक याच घरात असतात. यांनी तेल बदलावे. भिऊ नये. चांगल्या पेटीला नवीन तेलाने इजा होत नाही.

तिसरे घर : तेल दुधी, पळी तडतडते. येथे वाट पाहू नये. चिखलणी संपताच बदलावे, मळणीपर्यंत ठेवू नये. पण आधी पाणी कुठून शिरले ते शोधून सील बदलावे आणि ब्रीदर साफ करावा. नाहीतर नवीन तेलाचे पुन्हा ताक. पेटीच्या कानाकोपऱ्यात जुने पाणी राहते, म्हणून नव्या तेलावर काही तास काम केल्यावर पुन्हा पळीची परीक्षा करावी. पुन्हा तडतडले तर दुसऱ्यांदा बदलावे लागेल. हा खर्च जड वाटतो हे मी जाणतो. पण बेअरिंग, मजुरी आणि ऐन लावणीतले बुडालेले दिवस एका बाजूला मांडून पाहा.

चौथे घर : तुकडे निघतात, आवाज येतो, गिअर सुटतो. अशा पेटीत आधी तेल ओतू नका. तेल हे औषध नव्हे. तुटलेला दात तेलाने जुळत नाही. आधी पेटी उघडून दुरुस्त करावी, धुवावी, मग नवीन तेल. नाहीतर तेही तेल पंधरा दिवसांत वाया.

"नवीन तेल घातलं आणि गिअर गेले" हे खरे का?

आता त्या दुसऱ्या मताकडे वळू. हे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेले असते. पण पाहिलेल्याचा अर्थ लावताना गल्लत होते.

माणूस गिअरपेटीचे तेल कधी बदलतो? बहुतेक जण आवाज येऊ लागला, गिअर सुटू लागला म्हणजे बदलतात. तेव्हा पेटी मोडायलाच आलेली असते. तेल बदलल्यावर ती मोडते, आणि दोष तेलावर जातो. म्हातारा मरणाला टेकल्यावर डॉक्टरला बोलवायचे, आणि मग म्हणायचे डॉक्टर आला म्हणून म्हातारा गेला, तसाच हा न्याय.

दुसरे कारण गळतीचे. झिजलेल्या सीलपाशी जुना चिकटा साचून गळती बुजलेली असते. नवीन तेलाने चिकटा धुतला जातो आणि तेल पाझरू लागते. गळती नवीन नाही, ती उघडी पडली इतकेच.

तिसरे कारण चुकीच्या तेलाचे. हे मात्र खरोखर नुकसान करते. जेथे एकच तेल पेटीला आणि लिफ्टला पुरते, तेथे कोणी १४० नंबरचे जाड तेल घातले तर पंपाला ते ओढता येत नाही. ब्रेक तेलात बुडालेले असतील तर त्यांना त्यांच्यासाठीच केलेले तेल लागते. साधे गिअर-तेल घातले तर ब्रेक किंचाळतात, नीट धरत नाहीत. म्हणून दुकानात "ट्रॅक्टरचं ऑईल द्या" असे मोघम सांगू नये. पुस्तकातला क्रमांक कागदावर लिहून न्यावा, आणि डब्यावरचा क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावा. पुस्तक नसेल तर त्या बनावटीच्या विक्रेत्याकडे मॉडेल सांगून विचारावे.

 असाच समज आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींबाबतही आहे.

मोटारीचे काय?

पूर्वी गावात मोटार एखादीच असे. आता घरोघरी पिकअप, जीप, लहान गाडी झाली. भाजी, दूध न्यायचे, नेरळहून माथेरानच्या चढावर दस्तुरीपर्यंत प्रवासी न्यायचे, असे धंदेही त्यावर चालतात. तेव्हा चार शब्द त्यांच्यासाठी.

हाताने गिअर बदलायच्या गाडीला वरचाच नियम लागू आहे. तिचा क्लच कोरडा असतो, पेटीच्या बाहेर असतो. तेल बदलल्याने तो घसरणार नाही. फक्त तेलाची जात सांभाळावी. गिअर बदलायच्या पितळी रिंगा असलेल्या पेटीला पुष्कळदा जीएल-४ जातीचे तेल सांगितलेले असते, तर मागच्या डिफरन्शियलला जीएल-५. दोन्ही डब्यांवर ९० नंबर दिसला म्हणून अदलाबदल करू नये. पाण्यातून, भरलेल्या मोरीवरून गाडी घातली असेल, तर घरी आल्यावर दोन्ही ठिकाणचे तेल तपासावे.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा प्रकार निराळा. तिच्यातल्या जुन्या जातीच्या पेटीत घर्षणाच्या चकत्या तेलातच बुडालेल्या असतात आणि तेलाच्या दाबानेच त्या आवळल्या जातात. तेल कधीच न बदलता गाडी लाख-दीड लाख किलोमीटर चालली, चकत्या झिजल्या, त्यांची भुकटी तेलात मिसळली, म्हणजे गाडी कशीबशी चालते. अशा वेळी दाबाने धुऊन सगळे तेल काढले, तर सुटलेला गाळ बारीक वाटांत अडकू शकतो आणि झिजलेल्या चकत्या उघड्या पडतात. गाडी घसरू लागते. म्हणून लोक म्हणतात, हात लावू नका.

यातही निर्णय लक्षणांवरून करावा. गिअर गुळगुळीत पडतात, तेल काळसर आहे पण करपलेले नाही, तर बदलावे. दाबाने धुऊ नये. खालचा बूच काढून जेवढे निघेल तेवढेच काढावे आणि तेवढेच मोजून भरावे. यात सगळे तेल निघत नाही, थोडे आतच राहते. काही हजार किलोमीटरनंतर हेच पुन्हा करावे. पण गाडी आधीच घसरते आहे, गिअर टाकल्यावर क्षणभर थांबून धक्का देते, तेल करपट वास मारते, तर तेलाचे पैसे वाचवा. ती पेटी जाणत्या कारागिराला उघडून दाखवायची वेळ आली आहे. काही गाड्यांच्या पुस्तकात "हे तेल आयुष्यभर चालेल" असे लिहिलेले असते. आयुष्य गाडीचे की पेटीचे, ते विचारून घ्यावे.

अलीकडे साध्या गिअरपेटीवरच यंत्र बसवून गिअर आपोआप पाडणाऱ्या गाड्याही आहेत. त्यांच्या पेटीला साधे गिअर-तेलच लागते. पट्ट्यावर चालणाऱ्या पेट्यांना मात्र त्यांचे खास तेलच घालावे लागते, दुसरे चालत नाही. आपली गाडी कोणत्या प्रकारची, ते आधी माहीत करून घ्यावे.

तेल बदलायची रीत

आता ट्रॅक्टरकडे परत येऊ. काम सोपे आहे, पण क्रम चुकवू नये.

आधी वरचे, तेल भरायचे झाकण सैल होते का ते पाहावे. कित्येकदा खालचा बूच काढून तेल सोडून दिले जाते, आणि मग वरचे झाकण गंजून बसलेले कळते! ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटे चालवून तेल कोमट करावे, म्हणजे गाळासकट निघते. सपाट जागी उभा करून चाकांना उटी लावावी, लिफ्ट पूर्ण खाली सोडावी, इंजिन बंद करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली कोणीही शिरू नये. घमेली, डबे आधीच तयार ठेवावेत. तेल निथळायला भरपूर वेळ द्यावा. बुचाचे चुंबक पुसावे, वॉशर नवीन टाकावे. हायड्रॉलिकची जाळी किंवा फिल्टर असेल तर त्याच वेळी धुवावा किंवा बदलावा. हे विसरले तर निम्मे काम राहिले.

नंतर स्वच्छ नरसाळ्याने तेल भरावे. खुणेपर्यंत भरावे, जास्त नको. जास्त भरले तर ते सीलवाटे बाहेर येते, आणि कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरांत ब्रेकवर जाऊन ब्रेक लागेनासे होतात. इंजिन चालू करून लिफ्ट चार वेळा वर-खाली करावी, पुन्हा पातळी पाहावी. सरतेशेवटी तारीख आणि मीटरचे तास वहीत लिहावेत. मीटर बंद असेल तर तो दुरुस्त करावा. नाहीतर रोजच्या कामाचे तास लिहावेत.

रोटाव्हेटरच्या स्वतःच्या पेटीत आणि बाजूच्या साखळीच्या किंवा गिअरच्या पेटीतही तेल असते. ती तर सबंध चिखलात असतात. तेथेही पळीची परीक्षा करावी.

निघालेले तेल ओढ्यात, खाचरात, विहिरीजवळ ओतू नये. आपल्याकडचे पाणी उल्हास आणि पाताळगंगेला मिळते, खाली कितीतरी गावे ते पितात. असे तेल गुरांच्या अंगाला किंवा जखमेला लावू नये. झाकणाच्या डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. गॅरेजवाला पुढे देत असेल तर त्याच्याकडे सोपवावे.

पाणी शिरूच नये म्हणून

चिखलणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी ब्रीदर पुसावा. आसाला आणि रोटाव्हेटरला गुंडाळलेले गवत, तारा, नायलॉनचे धागे काढावेत. हे धागेच सील कापतात. जेवणाच्या सुटीत ट्रॅक्टर बांधावर, उंचवट्यावर उभा करावा. गरम असताना धुऊ नये. काही ट्रॅक्टरांना चिखलात उतरण्यापूर्वी क्लचच्या घराखालचे भोक बुचाने बंद करायचे असते आणि काम संपल्यावर ते उघडायचे असते. पुस्तकात तसे सांगितले असेल तर पाळावे.

जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला जाल तेव्हा इसार देण्यापूर्वी पेटीचे तेल पाहा. रंगरंगोटी आणि नवे टायर यांवर भाळू नका. आवाज दाबण्यासाठी पेटीत जाड तेल भरून ट्रॅक्टर विकणारे असतात. म्हणून अर्धा तास चालवून, तेल गरम झाल्यावर आवाज ऐका. थंड पेटीत जाड तेल आवाज झाकते, गरम झाले की झाकत नाही.

बंधू-भगिनींनो, आपली लावणी पंधरा-वीस दिवसांची. राब थांबत नाही, पाऊस थांबत नाही, शेजाऱ्याला दिलेला शब्दही थांबत नाही. त्या दिवसांत बंद पडलेला ट्रॅक्टर म्हणजे दावणीला बैल असून आऊत बंद. तेव्हा या आठवड्यात एक पळी तापवा आणि एक थेंब टाकून पाहा. बदलायचे की राहू द्यायचे, ते तेल स्वतःच तुम्हाला सांगेल.

ध्यानात ठेवा

१. तेल स्वच्छ आणि तास कमी : राहू द्या.
२. तेल जुने, पण पाणी-चुरा-आवाज नाही : बेलाशक बदला.
३. तेल दुधी : सील आणि ब्रीदर पाहून लगेच बदला, पुन्हा तपासा.
४. तुकडे किंवा आवाज : आधी दुरुस्ती, मग तेल.
५. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि लावणी संपताच एकदा तपासणी. उन्हाळी भात करणाऱ्यांनी त्या चिखलणीनंतरही एकदा.
६. तेलाचा क्रमांक पुस्तकाप्रमाणेच. तारीख आणि तास वहीत.